सातबारा नसलेल्यांची यादी

मावशी पुढच्या दाराने आली, म्हणून मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. एरवी ती मागच्या दाराने यायची, डोक्यावर मोळी घेऊन. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता आणि त्याला लागणारी लाकडं आठवड्यातून एकदा तीच आणून टाकायची. मोळी उतरवायची, पदराने तोंड पुसायची, पाणी मागायची आणि निघून जायची. पनवेलच्या पूर्वेला डोंगराच्या पोटात कुठेतरी तिची वाडी आहे, एवढंच मला माहीत होतं.

लग्न होऊन मला तेव्हा दीड-एक वर्ष झालं असेल. घराच्या पुढच्या खोलीत मामंजींचा टायपिंग क्लास होता. सहा मशीन, त्यांतली चार इंग्रजी आणि दोन मराठी. मामंजी कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घर आणि क्लास दोन्ही माझ्या अंगावर पडलं, आणि खरं सांगायचं तर मला क्लास जास्त आवडायचा. कचेरी चालत पाच मिनिटांवर असल्याने अर्ज टाइप करून घ्यायला माणसं सारखी येत. मामंजी मजकूर सांगायचे, मी टाइप करायची. त्यांचं मराठी असं की साधं 'आम्हाला रस्ता हवा' हे वाक्यही त्यांच्या तोंडून चार ओळींचं होऊन बाहेर पडायचं.

त्या दिवशी मावशीबरोबर दोन बायका होत्या आणि वाडीच्या खालच्या गावातला एक शेतकरी होता. चाळिशीचा, बोलायला शांत, पांढऱ्या टोपीला हळदीचा डाग पडलेला. त्याने खिशातून एक नोटीस काढली. त्यांच्या नदीवर धरण होणार होतं. कुणाकुणाची जमीन पाण्याखाली जाणार त्याची यादी नोटिशीला जोडली होती. तिच्यात शेतकऱ्याचं नाव होतं, त्याच्या भावांची नावं होती. वाडीचं मात्र नावही नव्हतं.

मामंजींनी चष्मा चढवला, नोटीस दोनदा वाचली आणि मला कागद लावायला सांगितला. "वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" इथून सुरुवात झाली. पान पूर्ण झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. शेतकऱ्याने मान डोलावली. मावशी खाली जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, "ह्यात आमी कुठं हाव?"

"हे काय, अर्जदार म्हटलंय ना. अर्जदार म्हणजे तुम्ही सगळे."

"अर्जदार तर हा बी हाय." तिने शेतकऱ्याकडे बोट केलं. "ह्याचा भात बुडल, ता लिवलाय. आमचा काय बुडल, ता कुठं लिवलाय?"

मामंजी जरा चिडले. "तुझ्या नावावर जमीन आहे का? सातबारा आहे?"

"नाय."

"मग कायद्याने तुझं काय बुडतं?"

मावशी एकेक बोट दुमडत सांगायला लागली. नदीतला डोह, जिथे उन्हाळ्यातही मासे मिळतात. काठचा उंबर. करवंदांच्या दोन जाळ्या, ज्यांच्यावर तिच्या घराचा वैशाख निघतो. कंद खणायची जागा. वाघदेवाचा दगड. डोहाच्या वरच्या अंगाला पुरलेली तिची दोन लेकरं. हे तिने बाकीच्या गोष्टींसारख्याच आवाजात सांगितलं आणि पुढच्या बोटावर गेली.

मी नवा कागद लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण ती बोलत होती तसं मी टाइप करत गेले. मामंजींनी मला थांबवलं नाही. झाल्यावर त्यांनी पान घेतलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, आणि मूळ अर्जाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सोबत पुरवणी जोडली आहे.'

त्यानंतर दोन वर्षं अर्जांचं हे असं चाललं. कचेरीत एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. मावशीला तो गोल शिक्का आवडायचा. पोच ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचायची. उत्तर कधी यायचं नाही. आलं तेव्हा एका ओळीचं आलं: सदर वाडीतील रहिवाशांची कोणतीही नोंद या कार्यालयाकडे उपलब्ध नाही.

मामंजींनी ते पत्र टेबलावर ठेवलं. "चाळीस वर्षं मी सांगत आलो, की कागदावर असेल ते खरं," ते म्हणाले. "आता कागदावर नाहीत म्हणून ही माणसंच नाहीत, असं कसं म्हणायचं?" मग मावशीकडे वळून म्हणाले, "नोंद नाही ना? आपण करू. येत्या रविवारी येतो."

रविवारी क्लासला सुट्टी. आम्ही एसटीने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. दोन मराठी मशीनपैकी त्यातल्या त्यात हलकं निवडलं होतं, तरी दोन हातांत धरून मला दहा पावलं चालवेना. थांब्यावर मावशीची सून वाट बघत उभी होती. विशी-बाविशीची असेल. तिने लुगड्याच्या चिंधीची चुंबळ केली, मशीन उचललं आणि डोक्यावर ठेवलं. पुढे तासाभराची चाल. नदी दोनदा ओलांडायची होती. माघ महिना होता, पाणी घोट्याएवढं, पण दगड शेवाळलेले. ती हात न लावता सरळ चालली होती आणि तिच्या मागे मामंजी, दोन्ही हात पुढे करून, मशीन पडलं तर झेलायच्या बेताने. ते तसेच सबंध वाट चालले. एकदा ती खडकावर जरा थबकली तर त्यांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. ती म्हणाली, "बाबा, तुमीच पडाल. खाली बघून चाला."

वाडी म्हणजे तीसेक झोपड्या, कुडाच्या, शेणाने सारवलेल्या. एका अंगणात पाटा उपडा घालून त्यावर मशीन ठेवलं. सगळी वाडी भोवती गोळा झाली. मी पहिलं अक्षर मारलं, ते टक्क झालं, तशी लहान पोरं मागे सरकली आणि परत पुढे आली.

मग खरी पंचाईत सुरू झाली. तिथे नावं वारांवरून ठेवायची पद्धत. ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव. त्यामुळे एकाच नावाची सात माणसं, आणि त्यांतल्या तिघांच्या बापाचंही नाव एकच. मामंजी म्हणाले, "ही यादी साहेबाने पाहिली तर म्हणेल एकच माणूस सात वेळा लिहिलाय." यावर अंगणात मोठी चर्चा झाली. शेवटी प्रत्येकाच्या पुढे खूण लिहायची ठरली. उंबराखालचा. दोन बायकांचा. टेकडीवरचा. अस्वलाने ओरबाडलेला. हा शेवटचा खुशीत आला आणि आपल्या खांद्यावरची खूण मामंजींना दाखवून गेला.

वयाचंही तसंच. "मोठा पूर आला तवा मी रांगत होतो," एवढाच पुरावा. कागदावर कधीही अंदाज न लिहिणारे मामंजी मला प्रत्येक नावापुढे सांगत होते, "अंदाजे पंचावन्न. अंदाजे तीस." शेवटी अंगठे घ्यायची वेळ आली आणि बघतो तर शाईचा पॅड वाळून खडखडीत झालेला. मी मशीनची रिबन सोडवली आणि एकेकाचा अंगठा तिच्यावर दाबून कागदावर घेतला. रिबन वाया गेली. माझी बोटं दोन दिवस काळी होती.

दुपारी नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कोरा चहा होता. मासे होते, पण मामंजी शाकाहारी. मावशीने आधीच चौकशी करून त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडली होती. मामंजी बाहेर कुठे पाणीसुद्धा न पिणारे. त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग कुणी न सांगता उठून नदीवर गेले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डोहात पाय सोडून बसले. मी हाक मारायला गेले तर म्हणाले, "अजून पाच मिनिटं."

परतताना एसटीत ते म्हणाले, "त्या बाई हुशार आहेत." मावशीला ते 'अहो बाई' कधीपासून म्हणायला लागले, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

आमच्या घरात मात्र या सगळ्याला दुसरी बाजू होती. माझे यजमान रसायनीकडे कारखान्यात होते आणि आम्ही नवीन पनवेलला फ्लॅटसाठी नाव नोंदवलं होतं. तिथे राहायला गेलेले ओळखीचे लोक सांगायचे, नळाला पाऊण तास पाणी येतं, तेही करंगळीएवढं. एकदा जेवताना यजमान म्हणाले, "तू जे अर्ज टाइप करतेस ना, त्या धरणाचं पाणी आपल्याच नळाला येणार आहे. माहीत आहे ना?"

माहीत होतं. पण असं ताटावर कुणी म्हटलं नव्हतं. मला त्या आठवड्यात मशीनवर बसवेना. दर वाक्याला वाटायचं, मी कुणाविरुद्ध लिहितेय? उद्या मला मूल झालं तर त्याची दुपटी धुवायला पाणी नको?

शेवटी मावशी मोळी घेऊन आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं. मागच्या पायरीवर बसून तिने ते सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, तिला राग येईल.

"न्या ना पाणी," ती म्हणाली. "नदी काय आमची एकटीची हाय? खाली येतंय ता तुमीच पिता. पन आमाला बुडवूनच न्यायला पायजे का? बांध थोडा खाली घाला, बारका घाला. ता साहेबाला इचारलं तर बोलत नाय."

"असं लिहू का?"

"लिव. पाणी नको असं आमी कवाच बोललो नाय."

तो अर्ज मी मामंजींच्या मदतीशिवाय लिहिला. त्यांनी वाचला, एकही शब्द बदलला नाही आणि अर्जाची तारीख सही केल्यासारखी वहीत टिपून ठेवली.

तिकडे गावात फाटाफूट झाली होती. शेतकऱ्याच्या धाकट्या भावाला मोबदला आणि घरटी एक नोकरी हवी होती. त्याचंही चूक नव्हतं. भाताच्या दोन खाचरांवर तीन भावांची घरं चालत नव्हती. शेतकरी आमच्याकडे येऊन एकदा म्हणाला, "वाडीवाल्यांचा काय, त्यांना कुठं बी झोपडी बांधता येते." मावशी तिथेच होती. ती म्हणाली, "व्हय. आनि तुमाला पैसं कुठं बी मोजता येतात." चहा मी दिला तो दोघांनी घेतला, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून.

मोजणीवाले आले ती सकाळ मी पाहिली नाही. मावशीने सांगितली आणि नंतर शेतकऱ्यानेही, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. लाल डोक्याच्या लाकडी खुंट्या नदीच्या दोन्ही काठांनी ठोकलेल्या होत्या. वाडीतल्या बायका पहाटेच जाऊन प्रत्येक खुंटीपाशी एक अशा बसल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी लेकराला पाजत होती, कुणी दुसरीच्या डोक्यातल्या उवा बघत होती. मोजणीचा इंजिनिअर नवा, तरुण होता. तो प्रत्येकीपाशी जाऊन "बाई, जरा सरका" म्हणायचा. ती सरकायची, आणि खुंटीच्या दुसऱ्या बाजूला बसायची. ऊन चढल्यावर मावशीनेच त्याला पाणी दिलं. मग चहा दिला. दुपारी शेतकरी आला, आणि कुणाला काही न बोलता एका मोकळ्या खुंटीपाशी जाऊन बसला. त्याच्या मागून त्याची बायको. धाकटा भाऊ आला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सगळ्यांना ट्रकमध्ये घालून पनवेलला आणलं. दुपारी बाराच्या सुमारास आमच्या क्लासमधला एक विद्यार्थी सांगत आला. मामंजी जेवत होते. हात धुतला, कोर्टात जायचा काळा कोट ट्रंकेतून काढला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी बरोबर गेले.

चौकीच्या आवारात एका झाडाखाली बायका बसल्या होत्या. मावशीने मला बघितलं आणि हातानेच 'बस' अशी खूण केली, जणू घरीच आले होते. आतल्या अंमलदाराने मामंजींना ओळखलं. कोर्टात त्यांचा दरारा होता. तो म्हणाला, "नाना, तुम्ही कुठे या लोकांत?"

"या बाईंना मी ओळखतो," मामंजी म्हणाले. "दहा वर्षं माझ्या घरी येतात. यांच्यासाठी जामीन लागत असेल तर मी आहे."

"सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी. यादी माझ्याकडे आहे, अंगठ्यांसकट."

तो इंजिनिअरही जबाब द्यायला आला होता. त्याला विचारलं, धक्काबुक्की झाली का, दगडफेक झाली का. तो म्हणाला, "नाही. मला पाणी दिलं, चहा दिला. काम होऊ दिलं नाही, एवढंच." त्याच्याबरोबरचा माणूस त्याच्याकडे रागाने बघत होता. इंजिनिअरने एवढंच लिहून दिलं आणि तो गेला. पुढे त्याची बदली झाली असं कळलं. त्या एका वाक्यामुळे झाली की व्हायचीच होती, कोण जाणे. मला अजून त्याचा चेहरा आठवतो, उन्हाने नाक सोललेलं.

चारच्या आत सगळ्यांना सोडलं. मामंजी समोरच्या हॉटेलात गेले आणि कागदात बांधून वडे घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. आवारातल्या झाडाखाली त्यांनी स्वतःच्या हाताने प्रत्येकीला वाढले आणि शेवटचा उभ्या उभ्या स्वतः खाल्ला.

त्यानंतर मोजणी आली नाही. पण धरण रद्द झालं असंही कुणी सांगेना. वर्षामागून वर्षं गेली. मला मुलगी झाली. क्लासमध्ये पोरं कमी व्हायला लागली, कारण पलीकडच्या गल्लीत संगणकाचा क्लास निघाला होता. आम्ही बंब काढून टाकला, गीझर बसवला. तरी मावशी यायची, आता रानभाजी घेऊन. दर सहा महिन्यांनी एक अर्ज जायचा: आमच्या नदीचं काय ठरलं ते लेखी कळवावे.

उत्तर आलं तेव्हा मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पत्र मी वाचलं. शहराच्या पाण्यासाठी दुसरीकडची योजना घेतली असून सदर ठिकाण तूर्त विचाराधीन नाही.

"तूर्त म्हंजे?" मावशीने विचारलं.

मामंजी म्हणाले, "तूर्त म्हणजे सध्यापुरतं. पुढे पुन्हा काढू शकतात."

मावशी हसली. "भाऊ, आमचा सगळाच सध्यापुरता. झोपडी बी दोन वर्सांनी नवी लागते." पोच घ्यायची सवय झालेली, म्हणून तिने माझ्याकडे त्या पत्राची नक्कल मागितली. वाचता येत नव्हतं तरी ती बोट फिरवत 'तूर्त' कुठे आहे ते मला दाखवायला लावत होती.

आम्हाला नवीन पनवेलला फ्लॅट मिळाला. पाणी पुरेसं यायला अजून काही वर्षं गेली, आणि ते ज्या दुसऱ्या नदीचं होतं तिच्या काठी कुणाच्या खुंट्या ठोकल्या गेल्या असतील, हा विचार मी सोडून देऊ शकले नाही. मामंजींना नवी जागा आवडली नाही. त्यांना कचेरी चालत गाठता येईना. तिथेच दोन वर्षांनी ते गेले.

दहाव्या दिवशी मावशी आली. शेतकरी तिच्याबरोबर होता. तीन जिने चढून आले होते. मावशीचं वय आता दिसायला लागलं होतं. ती मामंजींच्या खोलीत गेली, त्यांच्या रिकाम्या पलंगाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्यासाठी काला कोट घालून आले होते." शेतकऱ्याने टोपी काढली. मी रडले, पहिल्यांदा नीट.

मावशी त्या दिवशी राहिली. गॅलरीत गोधडीवर झोपली, आत झोपायला तयार होईना. सकाळी मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. ती म्हणाली, वाडीखालच्या जमिनी आता मुंबईचे लोक घ्यायला लागलेत, तारेची कुंपणं घालतात. शेतकऱ्याच्या धाकट्या भावाने आपला वाटा विकला. नदीवर जायची जुनी वाट एका कुंपणाने अडवलीय.

"मग?"

"मग काय. त्या मालकाला इचारून बघू. नाय बोलला तर दुसरी वाट पाडू." तिने कमरेची पिशवी चाचपली. "लिवायला लागला तर येन तुज्याकडं."

गाडीला अवकाश होता. आम्ही बाकड्यावर बसलो. यंदा करवंदं कशी आहेत, सुनेचा मोठा मुलगा शाळेत टिकतो की पळून येतो, माझ्या मुलीला खोकला होता तो गेला का, असं कायकाय बोलत राहिलो.